दंड भरून सुटका होत नाही

मध्य प्रदेशातल्या धार किंवा देवासच्या न्यायालयाच्या आवारात किरकोळ मारहाणीच्या प्रकरणात सापडलेल्या माणसाला पहिला सल्ला ठरलेला असतो : गुन्हा कबूल करा, दंड भरा आणि मोकळे व्हा. देणारा बहुधा हितचिंतकच असतो. पीथमपूरच्या कारखान्यातल्या रोजंदारीवाल्याची प्रत्येक तारखेला एक दिवसाची मजुरी बुडते, वकिलाची फी वेगळी, आणि साक्षीदार आला नाही की पुन्हा पुढची तारीख. या हिशेबात दंड स्वस्त वाटतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण हिशेब अर्धाच मांडलेला असतो. कबुली म्हणजे दोषसिद्धी. पैसे एकदाच जातात, नोंद मात्र राहते आणि पुढे नोकरीच्या प्रत्येक पडताळणीत वर येते.

म्हणून आधी आरोप काय आहे तेच नीट वाचायला हवे. मध्य प्रदेशात शेजाऱ्यांच्या भांडणाला वर्षानुवर्षे एकच साचा लावला जात आला : जुन्या दंड संहितेची कलम २९४, ३२३, ५०६ आणि सोबतीला ३४. शिवीगाळ, साधी दुखापत, धमकी, समान उद्देश. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत त्यांचे आकडे बदलून २९६, ११५(२), ३५१ आणि ३(५) असे झाले. साचा तोच आहे. यातली साधी दुखापत एकटी असेल तर गुन्हा अदखलपात्र ठरतो. कमाल शिक्षा एक वर्ष कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. अशा वेळी ठाण्यात 'अदम चेक', म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, लिहून फिर्यादीला न्यायालयाचा रस्ता दाखवला जातो, आणि न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. शिवीगाळीचे कलम जोडले की चित्र पालटते. ते कलम दखलपात्र आहे आणि एक दखलपात्र कलम आले की सगळे प्रकरणच दखलपात्र मानले जाते.

पोलिसांनी लावले म्हणजे कलम लागलेच, ही समजूत इथेच मोडायला हवी. ते कलम अश्लील शब्दांसाठी आहे, रागाच्या भरात दिलेल्या प्रत्येक शिवीसाठी नाही. कामुकतेला आवाहन करणारे काही त्यात नसेल तर नुसत्या शिवीगाळीने ते लागत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितले. ग्राम्य भाषा आणि अश्लीलता एक नव्हेत, हे २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट केले. कबुली देणारा माणूस हा मुद्दा मांडण्याआधीच घालवून बसतो.

दुसरा गैरसमज याहून खोल रुजलेला आहे. हात उचलला हे खरे असेल तर बचावाला जागाच नाही, असे लोक धरून चालतात. कायदा तसे म्हणत नाही. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या शरीराचे आणि मालमत्तेचे रक्षण करण्याचा हक्क न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. मुन्शी राम खटल्यात १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की आरोपीने हा बचाव स्पष्ट शब्दांत घेतला नसला, तरी पुराव्यातून तो दिसत असेल तर न्यायालयाने विचारात घ्यावा. दर्शन सिंग खटल्यात २०१० मध्ये या हक्काची तत्त्वे एकत्र मांडली गेली. मर्यादाही स्पष्ट आहेत. गरजेपुरताच बळाचा वापर करता येतो, आणि हल्ला संपल्यावर गाठून मारणे हा बचाव नव्हे, सूड आहे. पण पहिला वार कोणी केला आणि आरोपीच्या अंगावर किती खुणा होत्या हे दाखवायचे असेल, तर त्याचाही वैद्यकीय मुलाहिजा, म्हणजे तपासणी, त्याच दिवशी व्हायला हवा. दुकानासमोरच्या कॅमेऱ्यातले चित्रण पुसले जाण्याआधी मागायला हवे. हे पहिल्या दिवसांत केले नाही तर पुढे कितीही नामांकित वकील उभा केला तरी उपयोग थोडा.

मुलाहिज्याला आणखी एका कारणाने वजन आहे. दात तुटला किंवा हाड मोडले की दुखापत 'साधी' राहत नाही, 'गंभीर' होते आणि शिक्षेची कमाल मर्यादा सात वर्षांवर जाते. मार कोणाला बसला यानेही आरोप बदलतो : धार जिल्ह्यात निम्म्याहून अधिक लोकसंख्या आदिवासी आहे. मार खाणारा आदिवासी आणि मारणारा तसा नसेल, तर अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होऊ शकतो, आणि तिथे अटकपूर्व जामिनाला मुळात मनाई आहे. ही तरतूद योग्यच आहे. भिल्ल मजुराच्या कानाखाली मारणे शतकानुशतके कोणी गुन्हा मानलेच नव्हते.

'उलट फिर्याद ठोका, समोरचा आपोआप नरमेल' हा आणखी एक सल्ला. खरा मार लागला असेल तर फिर्याद द्यावीच. दबावासाठी खोटी देणे मात्र आत्मघात आहे. १९४८ पर्यंत देवास शहरात पवारांच्या थोरल्या आणि धाकट्या पातीची दोन राज्ये शेजारी शेजारी होती, दोन्हींचा कारभार वेगळा. आज एका भांडणाला न्यायाची तशी दोन दारे नाहीत. एकाच घटनेच्या परस्परविरोधी फिर्यादी शक्यतो एकाच न्यायाधीशाने ऐकाव्यात, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये मध्य प्रदेशातल्याच सुधीर खटल्यात सांगितले. खोटी गोष्ट खऱ्या गोष्टीशेजारी ठेवून तपासली जाते.

राहिली तडजोड, ज्याला तिकडच्या न्यायालयांत 'राजीनामा' म्हणतात. साध्या दुखापतीत ती करता येते आणि तिचा परिणाम निर्दोष सुटकेचा असतो. दंड भरण्यापेक्षा ती कितीतरी बरी. तरी तिच्यावर आंधळा भरवसा नको. मध्य प्रदेश पोलिस भरतीतल्या एका उमेदवारावर २००६ पासून मारहाणीचा खटला होता. २०१२ मध्ये त्याने तो शपथपत्रात प्रामाणिकपणे सांगितला आणि नंतर चारच दिवसांत तडजोड केली. विभागाने त्याला नाकारले. उच्च न्यायालयाने त्याची बाजू घेतली, पण २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विभागाचा निर्णय कायम ठेवला. तडजोडीने सुटलेल्याची योग्यता तपासण्याचा अधिकार नोकरी देणाऱ्याला आहे, असा निकालाचा गाभा. सहा वर्षे रखडवून ऐन भरतीत केलेली तडजोड वेळेवर केलेल्या तडजोडीइतकी कामाची नसते. आणि तडजोड झाली तरी खटला लपवू नये. २०१६ च्या अवतार सिंग निकालाने क्षुल्लक प्रकरणात सवलतीला जागा ठेवली आहे.

खर्चाच्या आक्षेपालाही उत्तर आहे. ११५(२) चा गुन्हा जामीनपात्र आहे, त्यात जामीन हा हक्क आहे. धार आणि देवासला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणे आहेत. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि कोठडीत असलेले यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत.

नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २७४ मध्ये तर समन्स खटल्यांसाठी मोठी सोय आली आहे. आरोप निराधार वाटला तर न्यायदंडाधिकाऱ्याने कारणे नोंदवून आरोपीला मुक्त करायचे आहे. हे घडायचे ते त्याच टप्प्यावर, जिथे आरोपीला 'गुन्हा कबूल आहे का' असे विचारले जाते. आवारातला सल्ला ऐकून आलेला माणूस तिथेच 'हो' म्हणून टाकतो. त्याआधी 'या होकाराने तुम्ही दोषी ठराल आणि ही नोंद राहील' हे एक वाक्य त्याला त्याच्या भाषेत, मग ती माळवी असो, भिली असो वा मराठी, ऐकवले जावे, एवढी मागणी धार-देवासच्या वकील मंडळींनी लावून धरायला हवी.