परवानगी कुणी द्यायची?

गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. देशातल्या अगदी पहिल्या हक्कांपैकी हा एक. जंगल गावाचं झालं, पण त्यातला बांबू विकायला बाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना, म्हणजे टीपी, लागतो. टीपीचं पुस्तक वनखात्याच्या कपाटात होतं आणि खातं ते सोडायला तयार नव्हतं.

खात्याचा आधार होता 1927 चा वन अधिनियम. त्यात तेव्हा बांबूची गणना झाडात केलेली होती, म्हणून बांबू म्हणजे लाकूड. पण 2006 च्या वनहक्क कायद्यात संसदेने स्वच्छ लिहून ठेवलं होतं, की बांबू हे गौण वनोपज आहे आणि त्यावर गावाची मालकी आहे. नवा कायदा गावाच्या बाजूने आणि शिक्का खात्याच्या हातात, असा हा प्रकार. अखेर 27 एप्रिल 2011 ला केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश स्वतः मेंढ्यात आले आणि ते पुस्तक ग्रामसभेच्या हवाली झालं. संसदेने दिलेला हक्क वापरता यावा म्हणून दिल्लीहून मंत्री यावा लागला, याची मला आजही चीड येते. याच मुलखातला बांबू त्याआधी वर्षानुवर्षं कागद गिरण्यांना सवलतीच्या दराने जात होता. तेव्हा जंगलाची काळजी कुणाला वाटली नव्हती.

‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही मेंढ्याची घोषणा अनेकांना बंडाची वाटते. मला ती साधा हिशेब वाटते. ज्याचं पोट जंगलावर, तो ते ओरबाडणार नाही. मात्र उद्याही ते आपलंच राहील याची त्याला खात्री हवी. मेंढ्याला हक्क मिळाला त्याच वर्षी एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. सामाईक जंगलं, कुरणं, पाणी वापरणारे लोकच नियम घालून नीट सांभाळू शकतात, हे त्यांनी जगभरच्या उदाहरणांतून दाखवलं होतं.

निर्णयाचा हक्क मुळात माणसाचा. त्याला एकट्याला जमणार नाही तिथे गावाचा, वॉर्डाचा. त्यांच्याही आवाक्याबाहेरचं असेल तेवढंच राज्याकडे आणि केंद्राकडे जावं. वरच्याला खालचं काम काढून घ्यायचं असेल, तर कारण वरच्याने द्यायला हवं. आपल्याकडे उलटं आहे. कारणं खालच्याने द्यायची, अर्ज खालच्याने करायचे.

शेतकरी नेते शरद जोशी शेतमालाबद्दल आयुष्यभर हेच सांगत राहिले. सरकारने शेतकऱ्याचं भलं करण्यापेक्षा त्याच्या वाटेतून बाजूला व्हावं, असं त्यांचं म्हणणं होतं. डिसेंबर 2023 मध्ये केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली, तेव्हा खरिपाचा लाल कांदा बाजारात येत होता. उन्हाळी कांदा चाळीत महिनोन्महिने राहतो, लाल कांदा तसा राहत नाही. काढला की विकावाच लागतो. शहरातली भाजी स्वस्त ठेवायचा खर्च नाशिक-नगरच्या शेतकऱ्याच्या खिशातून निघाला आणि त्याला कुणी विचारलंही नाही. बंदी उठली मे 2024 मध्ये, तीही निर्यातशुल्क लावून.

गावाच्या हाती निर्णय देण्यावर खरा आक्षेप आहे तो डॉ. आंबेडकरांचा. 4 नोव्हेंबर 1948 ला घटना समितीत त्यांनी गावाचे गोडवे गाणाऱ्यांना खडसावलं होतं. गाव म्हणजे संकुचितपणा, अज्ञान आणि जातीयता यांचं घर, असं त्यांचं म्हणणं होतं. ज्यांना गावाच्या विहिरीवर पाय ठेवू दिला नाही, त्यांना गावाच्या हाती सत्ता द्या म्हणणं सोपं नाही. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, आणि म्हणूनच मी सरकार नको असं म्हणत नाही. माणसाचं पाणी, त्याची मालमत्ता, त्याचं लग्न, त्याचं मत यांवर ग्रामसभेचाही अधिकार चालता कामा नये. तिथे कोर्ट आणि पोलीस खमकेच हवेत. परवाने वाटण्यात गुंतलेलं सरकार नेमकं याच कामात कमी पडतं. मेंढ्यात निर्णय बहुमताने होत नाही, सर्वसहमतीने होतो. एकाचाही विरोध असला तर विषय पुन्हा चर्चेला येतो. ही पद्धत वेळखाऊ आहे, पण एकट्यादुकट्याला इतकं वजन आपल्या विधानसभेतही मिळत नाही.

शहरांचं काय? मुंबई आणि पुणे महापालिकांची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि पुढची निवडणूक झाली जानेवारी 2026 मध्ये. मधली जवळजवळ चार वर्षं कारभार प्रशासकाकडे होता. मुदत संपण्याआधी निवडणूक घ्या, असं राज्यघटना सांगते, तरीही. आता नगरसेवक आले आहेत, पण आयुक्त राज्य सरकार नेमतं, बदलीही तेच करतं आणि कारभाराचे खरे अधिकार आयुक्ताकडे आहेत. मुंबईची जकात 2017 मध्ये जीएसटी आल्यावर गेली. ती नाक्यानाक्यावर माल अडवणारी होती, गेली ते बरं झालं. पण तिच्या जागी महापालिकेला स्वतःचं उत्पन्न मिळालं नाही, राज्याकडून येणारी भरपाई मिळाली. आयुक्त निवडून आलेल्या सभागृहाने नेमावा आणि शहरात गोळा होणाऱ्या जीएसटीचा ठरलेला वाटा थेट शहराच्या खात्यात यावा, या दोन मागण्या घेऊन आपण आपल्या आमदाराच्या दारात जायला हवं, कारण कायदा बदलणं त्याच्या हातात आहे.