खरूज समजून मलम लावताय? आधी पलंगाचे सांधे बघा

लग्नसराई आणि सुट्ट्यांचा प्रवास आटोपून जूनअखेरीस मुलं शाळेत परततात, तेव्हा काहींच्या हातावर, मानेवर लाल चट्टे दिसतात. आमच्या वर्गातल्या एका मुलीचं असंच झालं. "हिला खरूज आहे," म्हणत मैत्रिणी दूर बसू लागल्या. ती आठवडाभर आलीच नाही. घरी गेलो तर तिची अम्मी म्हणाली, "सर, तीन मलमं झाली, फरकच नाही." पलंगाच्या सांध्यात बॅटरी मारली आणि खटमल बाहेर आले!

ढेकूण म्हणजे घाणेरडं घर, हा गैरसमज आहे. २०२३ मध्ये पॅरिसमध्ये ढेकणांवरून केवढा गाजावाजा झाला, पाठोपाठ दक्षिण कोरियाच्या सरकारला मोहीम काढावी लागली. ढेकणाला रक्त हवं असतं, घाण नाही. तो बॅगेतून, गादीतून, जुन्या फर्निचरमधून येतो. गोंदिया तर हावडा–मुंबई मार्गावरचं जंक्शन. कामासाठी ये-जा करणारी घरं आपल्याकडे कमी नाहीत.

मग ओळखायचं कसं? ढेकणाचे चट्टे बहुधा झोपेत उघड्या राहणाऱ्या भागावर येतात: चेहरा, मान, हात, पाय. अनेकदा ते रांगेत किंवा घोळक्याने असतात. खरूज बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, कमरेभोवती जास्त असते आणि रात्री खाज वाढते. पण फक्त चट्ट्यांवरून खात्री होत नाही. काहींना चट्टे उठायला १४ दिवसही लागतात, आणि एकाच पलंगावर झोपणाऱ्या दोघांपैकी एकाला काहीच होत नाही. म्हणून पुरावा अंथरुणात शोधा: चादरीवर रक्ताचे ठिपके, गादीच्या शिवणीत काळे डाग, टाकलेली कात.

हा फरक महत्त्वाचा आहे, कारण उपाय वेगळे आहेत. खरूज असेल तर घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी औषध घ्यावं लागतं. ढेकूण असतील तर कितीही मलम लावा, रात्री पुन्हा चावणारच. त्यात मेडिकलमधून परस्पर आणलेलं स्टिरॉइडचं मलम कातडी पातळ करतं. २०१८ मध्ये सरकारने अशी अनेक मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकण्यावर बंदी घातली, तरी सवय सुटलेली नाही.

त्याहून मोठा धोका विषाचा. फेब्रुवारी २०२० मध्ये पुण्यात पेस्ट कंट्रोलनंतर एका दाम्पत्याचा जीव गेला. शेतातलं कीटकनाशक किंवा धान्यातल्या गोळ्या झोपायच्या खोलीत कदापि वापरू नका.

चादरी, उशांचे अभ्रे कडक गरम पाण्यात धुवा. लाकडी पलंग असेल तर अंगणात नेऊन सांध्यांत उकळतं पाणी ओता, भेगा बुजवा. आठ-दहा दिवसांनी पुन्हा तपासा, कारण अंडी मागे राहतात. फोड पिकला, ताप आला, चेहरा सुजला तर थेट सरकारी दवाखाना गाठा. ढेकणाने माणसात रोग पसरल्याचं सिद्ध झालेलं नाही, पण खाजवून झालेली जखम चिघळते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं, तेव्हा मुलांचे चट्टे लपवू नका, दाखवा. आणि आम्ही शिक्षकांनीही वर्गात "खरूज" हा शब्द उच्चारण्याआधी दहा वेळा विचार करावा. ती मुलगी परत आली, पण तिचा आठवडा वाया गेला तो ढेकणामुळे नाही, आपल्या बोलण्यामुळे.