पुसलें म्हणजे गेलें काय?

बुलढाणा जिल्ह्यांतील साखरखेर्डा हें गांव इतिहासज्ञांस ठाऊक आहे तें १७२४ सालच्या लढाईमुळें. निजाम-उल्मुल्कानें येथें मुबारिजखानाचा पराभव केला आणि विजयाची खूण म्हणून गांवास फत्तेखेर्डा हें नांव दिलें. कागदोपत्रीं नांव बदललें. लोकांच्या तोंडीं मात्र साखरखेर्डाच राहिलें. गेल्या वर्षीं याच गांवीं एका स्नेह्यांच्या घरीं जो प्रसंग आम्हीं पाहिला, त्यावरून या जुन्या गोष्टीचें आम्हांस स्मरण झालें.

घर तीन भावांचें, एकत्र. आजींचें सहस्रचंद्रदर्शन थाटानें झालें, आणि महिन्याभरांतच आजी गेल्या. तेरावा उरकल्यावर समारंभाचीं छायाचित्रें पाहावीं म्हणून धाकट्या नातवानें कॅमेरा काढला, तों पडद्यावर अक्षरें उमटलीं: कार्ड वाचतां येत नाहीं, फॉरमॅट करावें काय? मुलानें घाईनें होकाराचें बटण दाबलें. कार्ड कोरें झालें! तें चालतें कीं नाहीं हें पाहण्यासाठीं त्यानें अंगणांतील तुळशीचीं चारपांच छायाचित्रेंहि घेतलीं. मग घरांत जें झालें तें सांगावयास नकोच. थोरले काका गरजले, आत्याबाईंनीं डोळ्यांस पदर लावला, आणि मुलगा त्या रात्रीं जेवला नाहीं.

मधल्या सूनबाई संगणकाचें शास्त्र शिकलेल्या. त्यांनीं प्रथम कार्ड कॅमेऱ्यांतून काढलें, त्याच्या कडेची लहानशी कळ सरकवून त्यावर नवें कांहीं लिहिलें जाऊं नये अशी व्यवस्था केली, आणि म्हणाल्या, "मामंजी, आतां कोणीं कशालाहि हात लावूं नये. रागवायचें तर उद्यां रागवा."

या बोलण्याचें मर्म कळण्यास हें कार्ड म्हणजे काय, हें थोडें समजून घेतलें पाहिजे. यांत फिरणारी तबकडी नाहीं कीं फीत नाहीं. जपानांतील तोशिबा कंपनीचे फुजिओ मासुओका यांनीं १९८० नंतरच्या दशकांत शोधिलेल्या फ्लॅश स्मृतींत विद्युत्कण सूक्ष्म कप्प्यांत कोंडून ठेवितात. वीज बंद केली तरी ते तेथेंच राहतात. आज कॅमेऱ्यांत वापरतात तें एसडी कार्ड १९९९ सालीं जाहीर झालें. कोणतें चित्र कोणत्या कप्प्यांत आहे, याची एक सूची कार्डावर असते. चित्र पुसलें, अथवा कॅमेऱ्यानें कार्ड फॉरमॅट केलें, म्हणजे बहुधा ही सूचीच तेवढी कोरी होते. सातबाऱ्यावरील नांव कमी झालें म्हणून शेत कांहीं उठून जात नाहीं. पण दुसऱ्यानें त्यांत नांगर घातला, कीं उभें पीक गेलेंच. नवें छायाचित्र घेणें म्हणजे हा नांगर होय.

दुसऱ्या दिवशीं सूनबाईंनीं कार्डाची जशीच्या तशी नक्कल संगणकावर उतरविली, आणि पुढचें सारें काम त्या नकलेवर केलें. फोटोरेक नांवाचा एक प्रोग्राम विनामूल्य मिळतो. तो सूचीवर विसंबत नाहीं. प्रत्येक जेपेग चित्राच्या आरंभीं ठराविक खुणेचे आंकडे असतात. ते हुडकीत तो कप्प्यामागून कप्पा तपासतो. सांपडलेलीं चित्रें मूळ कार्डावर कदापि ठेवूं नयेत, दुसरीकडे ठेवावींत. कार्ड मोडलें असेल अथवा संगणकास दिसतच नसेल, तर मात्र हा घरगुती उपाय चालत नाहीं. तें काम जाणत्या प्रयोगशाळेचें.

संध्याकाळपर्यंत बहुतेक चित्रें परत आलीं. पण नांवांवांचून, क्रमावांचून. पंगत आधीं, संकल्प मागाहून! तेव्हां सारें घर माजघरांत जमलें. "हें लुगडें आईनें दुपारीं नेसलें होतें," असें म्हणत आत्याबाई क्रम लावूं लागल्या. सकाळच्या ओवाळणीचीं चित्रें तेवढीं मिळालीं नाहींत. त्यांच्या जागीं तुळस होती. थोरले काका कांहीं वेळ गप्प राहिले, मग मुलास म्हणाले, "ये, बैस. ओवाळतांना तूंच तिच्याजवळ होतास. काय म्हणाली तें सांग." मुलानें सांगितलें, आणि आत्याबाईंनीं तें वहींत उतरून घेतलें.

समर्थांनीं दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेस दिला आहे. आमचे ग्रंथ टिकले ते कागदाच्या बळावर नव्हे, तर नकला करणाऱ्या हातांमुळें. एका मठांतील प्रत वाळवीनें खाल्ली तर ती दुसऱ्या मठांत सांपडे. कार्डहि कागदाप्रमाणेंच नश्वर आहे. वारंवार लिहिल्या-पुसल्यानें त्याचे कप्पे झिजतात, आणि तें कधीं दगा देईल याची पूर्वसूचना मिळेलच असें नाहीं. म्हणून आमचें वाचकांस एवढेंच सांगणें, कीं समारंभ संपला म्हणजे त्याच रात्रीं चित्रांच्या दोन प्रती कराव्यात. एक घरच्या संगणकावर राहूं द्यावी, दुसरी परगांवच्या लेकीकडे धाडावी. आणि इतकें करूनहि कार्ड बिघडलेंच, तर प्रथम हात आवरावा, मग जीभ.

साखरखेर्ड्याच्या त्या घरीं या प्रती करण्याचें काम आतां त्याच मुलाकडे सोंपविलें आहे, असें कळतें.