महाविद्यालयात हजेरी कोण घेणार?

निवासी शाळेत रात्री हजेरी होते. एखादे मूल दिसले नाही, तर गृहपाल जेवण बाजूला ठेवून त्याच्या शोधाला निघतात. दहावीनंतर तेच मूल महाविद्यालयात येते. तेथे ते महिनाभर दिसले नाही, तरी कोणाच्या ध्यानात येईलच असे नाही. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीपासून स्नेहसंमेलनापर्यंतची कामे आम्ही अनेक वर्षे पाहिली. या काळात आमचे एक मत पक्के झाले आहे. आपल्या मुलांची गळती परीक्षेच्या निकालात दिसते खरी, पण तिची सुरुवात त्याच्या कितीतरी आधी, कार्यालयाच्या खिडकीपाशी होते.

या तीन शहरांची घडणच स्थलांतरितांची आहे. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांसाठी वसलेल्या कल्याण कॅम्पाला १९४९ साली उल्हासनगर हे नाव मिळाले. अंबरनाथला आयुध निर्माणी, काडेपेट्यांचा विम्को कारखाना आणि पुढे औद्योगिक वसाहत यांच्या आधाराने राज्याच्या कानाकोपऱ्यांतून आलेली श्रमिक कुटुंबे स्थिरावली. मुंबई-ठाण्यात घर परवडेना, तेव्हा अनेकांनी बदलापूर गाठले. अशा घरांतली मुले सकाळी कर्जत मार्गावरच्या लोकलच्या गर्दीतून वर्गात येतात आणि दुपारनंतर कोणी जीन्सच्या शिलाई कारखान्यात, कोणी दुकानात, कोणी औद्योगिक वसाहतीत पाळीवर जातात. वर्गात त्यांचा डोळा लागला, तर त्याला आळस म्हणण्याची घाई करू नये, हे आम्हीही उशिराच शिकलो.

सर्वांत कठीण प्रकरण कागदांचे. अनुसूचित जातीचा दाखला काढताना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. नातीचा जन्म उल्हासनगरचा, वडिलांची शाळा अंबरनाथची; पण पणजोबांची नोंद मराठवाड्यातल्या एखाद्या गावच्या प्राथमिक शाळेच्या प्रवेश-निर्गम नोंदवहीत. तो उतारा आणायचा, तर वडिलांची तीन-चार दिवसांची मजुरी बुडते. उतारा मिळतो, तेव्हा त्यावरचे आडनाव आजच्या आडनावाशी जुळत नाही. त्यानंतर उत्पन्नाचा दाखला, आधारशी जोडलेले बँक खाते आणि महाडीबीटीच्या संकेतस्थळावरचा अर्ज. वडिलांचा मोबाइल क्रमांक बदललेला असला, तर ओटीपी येत नाही आणि अर्ज तेथेच अडतो. यांपैकी एकही अडचण विद्यार्थ्याच्या बुद्धीशी संबंधित नाही. तरीही प्रत्येक अडचण त्याला हेच सुचवत राहते की, ही जागा तुझी नव्हे.

येथे आमच्या हातून घडलेली एक चूक सांगणे आवश्यक वाटते. वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी तीन वेळा खिडकीशी आला. तिन्ही वेळा आम्ही त्याला अपुरा कागद दाखवून परत पाठवले. नियमानुसार आमचे काहीच चुकले नव्हते. पुढे परीक्षा अर्जांच्या यादीत त्याचे नाव आढळले नाही, तेव्हा चौकशी केली. वडील आजारी पडले होते आणि तो शिलाई कारखान्यात पूर्णवेळ कामाला लागला होता. भेट झाली तेव्हा तो इतकेच म्हणाला, “सर, मी तीनदा आलो होतो.” आम्ही तिन्ही वेळा कागद तपासला; घरी काय चालले आहे, हे एकदाही विचारले नाही. तो मुलगा पुन्हा महाविद्यालयात आला नाही.

त्यानंतर आम्ही खिडकीच्या आत एक खुर्ची ठेवली. परत पाठवण्याआधी विद्यार्थ्याला बसवायचे, पाच मिनिटे बोलायचे, आणि अर्ज अपुरा राहिलेल्यांना आठवड्याने आपणहून दूरध्वनी करायचा, एवढाच नेम केला. काही सहकारी म्हणत, ही मुले सज्ञान आहेत, त्यांना बोट धरून किती चालवायचे? प्रश्न रास्त आहे. पण ज्या घरात वडील किंवा काका पदवीधर असतात, तेथे हे बोट धरणे घरातच होऊन जाते आणि कोणाला ते दिसत नाही. पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याने तीच मदत मागितली, की मात्र तिला लाड म्हटले जाते. २०१६ च्या विद्यापीठ कायद्याने विद्यार्थी विकास मंडळाची तरतूद केली. पूर्वीचा ‘कल्याण’ हा शब्द जाऊन ‘विकास’ आला. खिडकीपलीकडच्या माणसाची दृष्टी बदलली, तरच या बदलाला अर्थ आहे.

बाबासाहेबांनी हे फार आधी ओळखले होते. १९२४ साली स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेने पुढच्याच वर्षी सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले. पीपल्स एज्युकेशन सोसायटी त्यानंतर वीस वर्षांनी, १९४५ साली, आणि सिद्धार्थ महाविद्यालय १९४६ साली. शिकणाऱ्या मुलाला छप्पर, अन्न आणि आपुलकीने विचारपूस करणारे माणूस आधी हवे, असाच या क्रमाचा अर्थ आम्ही लावतो. आपली शाळा त्याच वाटेवर उभी आहे. मात्र तिची जबाबदारी दहावीच्या निरोप समारंभात संपते, असे आपण सर्वांनी गृहीत धरले आहे.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे. स्मरणिकेसाठी देणगी द्यावीच. त्याबरोबर दरवर्षी बाहेर पडणाऱ्या तुकडीची यादीही मागून घ्यावी. प्रत्येकाने दोन नावे स्वीकारावीत. प्रवेशाच्या दिवसांत त्यांच्याबरोबर एकदा तहसील कार्यालयात जावे, दिवाळीपूर्वी एकदा घरी जावे आणि परीक्षा अर्जाच्या वेळी एक दूरध्वनी करावा. पालकांनी मूल नववीत असतानाच गावाकडचे उतारे मिळवून ठेवावेत. शाळेने निरोपाच्या दिवशी दाखल्यासोबत या कागदांच्या प्रतींची एक फाइल मुलाच्या हाती द्यावी.

यासाठी मोठा निधी लागत नाही, नवी संस्थाही लागत नाही. आपल्यापैकी प्रत्येकाचे नाव कोणीतरी रोज रात्री पुकारले होते आणि उत्तर येईपर्यंत ते पुढच्या नावाकडे वळले नव्हते. आता ती यादी आपल्या हाती घ्यायची आहे.