दोन इंच वाळू

गेल्या पावसाळ्यात मी पिवळ्या डोक्याचा जॉफिश घरी आणला. बोटाएवढा मासा, फिकट निळसर अंग, डोळे मोठे. दुकानदाराला विचारलं, वाळू किती घालू? "दोन इंच बस झाली, भाई. जास्त घातली की टाकी घाण दिसते." मी ऐकलं. चौथ्या दिवशी फजरला उठलो तर तो टाकीमागे फरशीवर वाळून पडलेला. वरची काच थोडी सरकलेली होती.

काच सरकली म्हणून मेला, असं मी महिनाभर सगळ्यांना सांगत होतो. ते अर्धंच खरं होतं.

हा मासा फ्लोरिडा, बहामा, कॅरिबियन समुद्राकडचा. तिथे तो तोंडानं वाळू उपसून बीळ खणतो आणि शिंपल्यांचे तुकडे, खडे आणून भिंत रचतो. गवंडी दगड फिरवून फिरवून बसवतो ना, अगदी तसं. दिवसा बिळावर शेपूट खाली करून तरंगायचं, वाहत आलेलं बारीक खाणं टिपायचं, सावली हलली की शेपटीकडून आत. रात्री बिळाच्या तोंडावर खडा ओढून घ्यायचा. नर तर अंडीही तोंडात धरून सांभाळतो. माझ्याकडे तो तीन दिवस खणत होता आणि दर वेळी खाली काच लागत होती. मी मोबाईलवर त्याचा व्हिडिओ काढत होतो! घाबरल्यावर खाली जायला जागा नाही, म्हणून तो वर गेला.

त्याला पाच-सहा इंच वाळू लागते. नुसती बारीक नाही, ती ढासळते; प्रवाळाचा चुरा आणि शिंपल्यांचे तुकडे मिसळलेली. दगड आधी तळाच्या काचेवर बसवायचे, वाळू नंतर. नाहीतर मासा खालून पोखरतो आणि दगड त्याच्याच अंगावर येतो. वर बारीक जाळी. हे सगळं मला नंतर कळलं.

मित्र म्हणतात, एवढा खर्च करून मासा दिसणार नुसता डोक्यापुरता, मग पाळायचा कशाला? माझं म्हणणं, ज्याला मासा चोवीस तास डोळ्यांसमोर हवा त्यानं बिळातला मासा घेऊच नये. आपल्या कोकणातला निवटा चिखलातलं बीळ सोडून शोकेसमध्ये बसेल का? आणि दुकानात येणारे बहुतेक समुद्री मासे अजून समुद्रातूनच धरून आणलेले असतात. म्हणजे आपण त्याला आधी घरातून काढतो, मग बिनघराचा ठेवतो. विकणाऱ्यानं पैसे घेण्याआधी टाकीतल्या वाळूची खोली विचारायला हवी. तो विचारत नसेल तर आपण स्वतःला विचारावी. मी दुसऱ्याला विचारून मोकळा झालो होतो.

सध्या टाकीत सहा इंच वाळू आहे, जाळी बसवली आहे, मासा नाही. दोन महिने झाले. धाकटी रोज विचारते, "अब्बू, कधी आणायचा?"