घरचा हिशेब : शिकल्यासवरल्यांचा अंगठा

आपल्या वाडवडिलांच्या कर्जाची कहाणी एका अंगठ्यापाशी सुरू होत असे. सावकाराच्या चोपडीत काय लिहिले आहे ते त्यांना वाचता येत नव्हते. शाई लावलेला अंगठा कागदावर उमटला, की पन्नासाचे पाचशे झाले तरी बोलायला तोंड उरत नसे. त्या अंगठ्यापायी कुणाचा जमिनीचा तुकडा गेला, कुणाची पितळेची भांडी गेली, कुणाची पोरे सालगडी म्हणून राबली. म्हणूनच आपल्या आयाबायांनी पोटाला चिमटा घेऊन मुलांना शाळेत घातले. घरातला पहिला माणूस सही करू लागला, तेव्हा त्या घराची मान वर झाली.

आज त्याच घरांत पदवीधर मुले-मुली आहेत आणि जवळपास प्रत्येकाच्या हातात मोबाईल आहे. महिना अखेरीला आला, पगार लांबला, त्यातच दवाखाना निघाला किंवा मुलीच्या फीची तारीख आली, की मोबाईलवरची जाहिरात खुणावते. पाच मिनिटांत कर्ज! जामीन नको, कागद नको, हेलपाटे नकोत! ॲप उघडले की आधी लांबलचक मजकूर येतो. भाषा बहुधा इंग्रजी, अक्षरे मुंगीएवढी. त्याच्या तळाशी एक बटण असते : ‘मान्य आहे’. मजकूर वाचून ते बटण दाबणारा शंभरात एखादा. बाकीच्यांचा अंगठा आपसूक तिथे जातो. म्हणून आम्ही म्हणतो, वाचकहो, की अंगठा अजून गेलेला नाही. फक्त शाई गेली आहे.

हे बटण म्हणजे पोरखेळ आहे असे कुणी समजू नये. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० सालचा. त्यात पुढे दुरुस्ती होऊन कलम १०-अ आले. करार कागदावर न होता संगणकावर किंवा मोबाईलवर झाला, एवढ्याच कारणाने तो रद्दबातल ठरत नाही, असे ते कलम सांगते. म्हणजे बटण दाबणे ही सहीच झाली. ‘मी वाचले नव्हते’ ही सबब सावकाराच्या ओट्यावर चालत नव्हती, ती इथेही सहसा चालत नाही.

मग त्या मजकुरात असते तरी काय? आम्ही सांगतो. तो एक कागद नसून बहुधा चार कागद असतात, आणि चौघांची कामे वेगळी. पहिला ‘वापराच्या अटी’. त्यात ॲपवाला स्वतःचे अंग काढून घेतो : आम्ही कर्ज देत नाही, फक्त गाठ घालून देतो, दाखवलेल्या माहितीची हमी नाही, अटी आम्ही बदलू शकतो. दुसरा ‘गोपनीयता धोरण’. तुमचे नाव, पगार, बँकेची उलाढाल यांतले काय घेणार आणि कोणाला देणार, ते यात असते. ‘भागीदार संस्था’ हा शब्द दिसला की थांबावे. तुमची माहिती कुठवर जाणार, याचे दार त्या शब्दाने उघडते. तिसरा प्रत्यक्ष ‘कर्जाचा करार’. आणि चौथा सर्वांत लहान, पण सर्वांत मोलाचा. त्याचे नाव ‘की फॅक्ट स्टेटमेंट’, म्हणजे कर्जाच्या मुख्य बाबींचा तक्ता.

पहिले तीन कागद समजले नाहीत तर एक वेळ समजू शकते. भल्याभल्या वकिलांना त्यांचा कंटाळा येतो. पण चौथा कागद वाचल्याशिवाय बटणाला अंगठा लावू नका, हेच आमचे आजचे सांगणे. आणि हा कागद मागणे म्हणजे कुणाची मेहेरबानी मागणे नव्हे. रिझर्व्ह बँकेने १५ एप्रिल २०२४ रोजी तसा आदेश काढला, आणि १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या किरकोळ मुदतीच्या कर्जांना तो लागू झाला. आदेशात स्पष्ट आहे की हा तक्ता कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असला पाहिजे, त्यातला मजकूर त्याला समजावून सांगितला पाहिजे, आणि तो समजल्याची पोच घेतली पाहिजे. म्हणजे तुम्हाला मराठी समजत असेल तर मराठीत मागा. इंग्रजी येत नाही याची लाज तुम्हाला नको. मराठीत देत नाही त्याला ती वाटावी.

या तक्त्यात शोधायचा आकडा एकच : वार्षिक टक्केवारी दर, ज्याला ए.पी.आर. म्हणतात. जाहिरातीतला व्याजदर आणि हा दर यांत जमीन-अस्मानाचे अंतर असू शकते. एक हिशेब करून पाहू. समजा, दहा हजारांचे कर्ज तीस दिवसांसाठी घेतले. व्याज महिन्याला शेकडा दोन रुपये, म्हणजे दोनशे. ऐकायला किती स्वस्त! पण प्रोसेसिंग फी आठशे, आणि तिच्यावर अठरा टक्क्यांनी जी.एस.टी. एकशे चव्वेचाळीस. हे आधीच कापून घेतले, म्हणजे हातात आले ९,०५६ रुपये. महिन्याने फेडायचे १०,२००. वर गेले १,१४४ रुपये. हाती आलेल्या पैशावर हे शेकडा साडेबारा रुपयांहून जास्त होतात, तेही एका महिन्याला. वर्षाच्या हिशेबाने दर दीडशे टक्क्यांच्या वर जातो! गावात कुणी सावकाराने शेकडा साडेबारा रुपये महिना मागितले असते तर चावडीवर बोभाटा झाला असता. मोबाईलवर तेच गुपचूप होते, कारण फी आणि व्याज वेगवेगळ्या ओळींत लिहिलेले असते. ए.पी.आर. त्यांना एका ओळीत आणतो. बिगर-बँकिंग वित्तीय कंपन्यांच्या व्याजाला रिझर्व्ह बँकेने सरसकट वरची मर्यादा घातलेली नाही. तेव्हा दर महाग की स्वस्त, हे पाहण्याचे काम शेवटी आपल्याच डोळ्यांचे.

या तक्त्याची आणखी एक ताकद आहे. जो आकार तक्त्यात लिहिलेला नाही, तो तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय कर्ज फिटेपर्यंत तुमच्याकडून घेता येत नाही. आणि कर्जाची मुदत सात दिवस किंवा जास्त असेल, तर तक्ता दिल्यावर विचार करायला किमान तीन कामाचे दिवस मिळतात. त्या काळात तीच बोली कायम ठेवणे कंपनीला भाग आहे. ‘आत्ताच दाबा, दहा मिनिटांत ऑफर संपेल’ असे म्हणणाऱ्यापासून चार हात दूर राहावे. खऱ्या कर्जाला एवढी घाई नसते.

आता माणसांच्या अब्रूचा प्रश्न. २०२० च्या टाळेबंदीत हातचे काम गेले आणि असल्या कर्जांचे पीक आले. हप्ता चुकला की फोनमधल्या सगळ्या नंबरांवर ‘हा चोर आहे’ असे निरोप गेले. बायाबापड्यांचे फोटो विद्रूप करून नातेवाइकांना पाठवले गेले. देशात काहींनी या धास्तीने जीव दिले. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या कार्यगटाला २०२१ च्या जानेवारी-फेब्रुवारीत कर्ज देणारी सुमारे अकराशे ॲप आढळली. त्यांतली सहाशे बेकायदा होती. निम्म्याहून जास्त!

त्यानंतर सप्टेंबर २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने डिजिटल कर्जाचे नियम काढले. २०२५ साली त्यांची फेरमांडणी झाली, गाभा तोच राहिला. तो घरातल्या प्रत्येकाला माहीत असावा. कर्जाचे पैसे बँकेच्या किंवा नोंदणीकृत वित्तीय कंपनीच्या खात्यातून थेट तुमच्या खात्यात आले पाहिजेत, आणि हप्ताही थेट तिच्याच खात्यात गेला पाहिजे. मधल्या ॲपवाल्याच्या खात्यातून नव्हे. मध्यस्थाची दलाली कर्ज देणाऱ्याने द्यायची, तुम्ही नाही. ॲपने तुमच्या फोनमधील फोटो-फायली, नंबरांची यादी आणि कॉलची नोंद यांना हात लावायचा नाही. कॅमेरा किंवा ठिकाणाची माहिती ओळख पटवण्यापुरती एकदा, तीही विचारून. तुम्हाला न विचारता कर्जाची मर्यादा वाढवायची नाही. आणि कर्ज घेतल्यावर मन बदलले, तर ठरलेल्या मुदतीत, जी निदान एक दिवसाची असते, मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचा आकार देऊन दंडाशिवाय कर्ज परत करता येते. एकरकमी प्रोसेसिंग फी मात्र कंपनी ठेवून घेऊ शकते, पण तसे आधीच तक्त्यात लिहिलेले हवे.

तेव्हा एखादे ॲप उघडताच ‘तुमच्या कॉन्टॅक्टना परवानगी द्या’ असे म्हणाले, तर पुढे वाचायचीही गरज नाही. ते काढून टाका. कर्ज देणाऱ्या बँकेचे किंवा कंपनीचे नाव ॲपवर स्पष्ट दिसत नसेल तरी तेच करा. नियमात बसणाऱ्या संस्थांशी जोडलेल्या ॲपची यादी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर जुलै २०२५ पासून पाहायला मिळते. शाळकरी मुलगासुद्धा ती उघडून दाखवील.

हप्ता थकलाच, तरी आपण गुन्हेगार होत नाही. थकबाकी ही देण्याघेण्याची बाब आहे. वसुलीच्या माणसाने सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करू नये, शिवीगाळ-धमकी करू नये, नातेवाइकांत बदनामी करू नये, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. थकल्याबद्दलचा दंड व्याजात मिसळून त्यावर पुन्हा व्याज लावायलाही २०२४ पासून मनाई आहे. कुणी धमकावले तर निरोप पुसू नका, जपून ठेवा. पोलीस ठाण्यात जा, किंवा १९३० या सायबर मदत क्रमांकावर सांगा. कर्ज नियमातल्या कंपनीचे असेल, तर आधी तिच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवा. त्याचा फोन तक्त्यात असतो. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. त्याला फी नाही, वकील लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

करारात आणखी एक वाक्य हमखास असते : वाद झाल्यास तो अमुक शहरात लवादापुढे चालेल. हे शहर बहुधा आपल्यापासून शेकडो मैल दूर असते. वाचणाऱ्याचे अवसान तिथेच गळते. पण २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की लवादाचे कलम असले तरी ग्राहकाला ग्राहक न्यायालयाचे दार बंद होत नाही. आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण जिथे राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करण्याची सोय केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही.

राहिला ‘फुकट स्कोअर’. सिबिलचा स्कोअर फुकट दाखवतो म्हणून पुष्कळ ॲप बोलावतात, आणि ‘मान्य आहे’ दाबताच तुमची कर्जाची सगळी कुंडली व फोन करण्याची परवानगी घेऊन मोकळी होतात. मग दिवसभर कर्जाचे फोन. त्याची गरज नाही. देशात सिबिल धरून अशा चार पतमाहिती कंपन्या आहेत, आणि प्रत्येकीने वर्षातून एकदा तुमचा पूर्ण अहवाल तुम्हाला मोफत द्यायचा आहे. तो थेट त्यांच्याकडून घ्या. त्यात न घेतलेले कर्ज दिसले तर दुरुस्ती मागा. तीस दिवसांत ती तक्रार निकाली निघाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई मिळण्याची तरतूद आहे. एकाच आठवड्यात पाच ॲपकडे अर्जही करू नका. प्रत्येक अर्जाची नोंद राहते आणि स्कोअर घसरतो.

कर्ज घेऊच नका, असा उपदेश आम्ही करणार नाही. ज्याच्या घरी आजारी माणूस आहे त्याला असला उपदेश करणे सोपे असते. पण मोबाईलकडे वळण्याआधी बचतगटाकडे पाहा, कामगारांच्या पतपेढीकडे पाहा. गटातले व्याज निदान गटाच्याच पेटीत राहते. आणि मोबाईलवरच घ्यायचे ठरले, तर एकट्याने रात्री अंथरुणात पडल्या पडल्या घेऊ नका. दिवसा, घरातल्या माणसांना जवळ बसवून, तक्ता मोठ्याने वाचा. हाती किती येणार, फेडायचे किती, तारीख कोणती, चुकले तर काय. ही चार उत्तरे वहीत लिहा, आणि मगच बटणाकडे जा. नवऱ्याने बायकोपासून आणि मुलाने आईपासून लपवून घेतलेले कर्ज सर्वांत महाग पडते.

वाडवडिलांपुढे वाचण्याचा मार्गच नव्हता. आपल्यापुढे आहे, आणि तो त्यांनी उपाशी राहून करून दिला आहे. ज्या घरात अक्षर आले, त्या घराने न वाचता अंगठा देऊ नये.