आधी टाकीतले पाणी काढा!

अशी कल्पना करा, की पावसाळ्यातली मासेमारीबंदी उठली आहे. इतके दिवस किनाऱ्यावर ओढून ठेवलेली नौका समुद्रात निघाली आहे. किनारा दिसेनासा झाला, लाटा वाढल्या आणि एकाएकी इंजिन आचके देत बंद पडले! तांडेल डिझेलची गाळणी उघडून पाहतो, तो तिच्यावर काळपट, बुळबुळीत गाळ. "डिझेलात भेसळ असणार," असे कोणीही म्हणेल. पण पुष्कळदा हा गाळ टाकीतच वाढलेला असतो. ती असते जिवाणू आणि बुरशी यांची वस्ती.

डिझेल पिऊन कोणी जगते का? हो, जगते! डिझेल म्हणजे हायड्रोकार्बनांचे मिश्रण. काही सूक्ष्मजीवांचे तेच अन्न. 'अमॉर्फोथेका रेझिनी' ही बुरशी तर विमानांच्या इंधनटाक्यांतही सापडली आहे.

मात्र नुसत्या अन्नावर त्यांचे भागत नाही, पाणीही लागते. टाकी अर्धी रिकामी असली, की उरलेल्या जागेत दमट हवा शिरते. रात्री टाकी गार झाली, की बाष्पाचे थेंब होऊन आत ओघळतात. झाकण सैल असेल तर पावसाचे पाणीही येते. काचेच्या पेल्यात पाणी आणि खाद्यतेल ओतून पाहा. पाणी खाली, तेल वर. टाकीतही तसेच होते. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात, तिथेच सूक्ष्मजीवांची पंगत बसते! नौका हेलकावू लागली, की हा गाळ ढवळून गाळणीत जाऊन बसतो. शिवाय त्यांनी सोडलेल्या आम्लांमुळे धातूची टाकी गंजते ती वेगळीच.

यावर उपाय काय? जंतुनाशक औषध ओतले की काम झाले, असे अनेकांना वाटते. मला ते पटत नाही. वस्ती फार वाढली तर औषध लागेलही. पण मेलेला गाळ काही नाहीसा होत नाही. तो सुटून पुन्हा गाळणीतच अडकतो. तळाचे पाणी तसेच राहिले, तर नवी वस्ती वाढायला कितीसा वेळ लागणार?

म्हणून आधी पाणी काढावे. बंदीच्या काळात टाकी काठोकाठ भरून ठेवणे उत्तम. तुम्ही म्हणाल, "एवढ्या महाग डिझेलात पैसे अडकवायचे कसे?" शंका रास्त आहे. मग निदान झाकण घट्ट लावावे आणि नौका पाण्यात लोटण्यापूर्वी तळाच्या तोटीतून साचलेले पाणी डब्यात काढून घ्यावे. ते खाडीत मात्र ओतू नये.

आणि सूक्ष्मजीवांना शत्रू ठरवण्याची घाई नको. १९८९ साली 'एक्सॉन व्हाल्डीझ' या जहाजातील तेल अलास्काच्या किनाऱ्यावर पसरले, तेव्हा तेल खाणारे तिथलेच सूक्ष्मजीव वाढावेत म्हणून किनाऱ्यावर खत टाकण्यात आले होते! तिथे जी भूक उपयोगी पडली, तीच टाकीत आपल्याला नडते. त्यांना पाणी मिळते ते आपल्या हयगयीमुळे.

तुमच्या घरी किंवा शेजारी नौका असेल, तर आजच बाबांना, तांडेलकाकांना एक प्रश्न विचारा : टाकीच्या तळाचे पाणी शेवटचे कधी काढले होते?